शिक्का मागणाऱ्याला सही दाखवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सातबाऱ्यावर शिक्का मिळावा म्हणून आपल्या किती पिढ्यांनी चपला झिजवल्या, त्याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळू लागला. डिजिटल सहीला हाताच्या सहीचा मान तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ५ ने २००० सालीच दिला होता. तरी डिसेंबर २०२५ मध्ये महसूल खात्याला नव्याने सांगावे लागले, की या उताऱ्याला वेगळा सही-शिक्का लागत नाही. पंचवीस वर्षे लागली साहेबांना आपलाच कायदा वाचायला! आणि अजूनही कुणी कर्जाच्या टेबलावरून म्हणतोच, "शिक्का मारून आणा." त्याच्याशी भांडायचे तर ही सही आधी आपल्याला कळली पाहिजे.

ही सही म्हणजे शाईची रेघ नव्हे. सही होताना संगणक कागदातल्या सगळ्या अक्षरांचा मिळून एक आकडा काढतो आणि सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने तो बंद करतो. पुढे कुणी ०.४० हेक्टरचे १.४० केले, तर आकडा जुळत नाही. बियाण्याच्या पिशवीची शिवण उसवून पुन्हा घातली की जाणत्याला कळते ना, तसेच.

मात्र ही शिवण फाइलमध्ये असते, कागदावर नाही. प्रिंट काढली, फोटो काढला, की उरते ते नुसते चित्र. हिरवी खूण तर कुठलाही भामटा छापू शकतो. म्हणून छापील सातबारा हाती आला तर त्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक महाभूमीवर टाका आणि जो उतारा उघडेल त्याच्याशी गट क्रमांक, क्षेत्र, नावे ताडून पाहा. चौकटीचा क्यूआर कोडही चालतो, पण तो उघडून देतो ते संकेतस्थळ सरकारीच आहे ना, 'जीओव्ही डॉट इन'चे, हे आधी बघा. खोटा उतारा करणारा खोटा कोडही करील.

उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या पीडीएफची तऱ्हा वेगळी. संगणकावर अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडला की सहीवर पुष्कळदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि माणूस घाबरतो. दाखला बोगस आहे असा त्याचा अर्थ नाही. सही करणाऱ्याला मी ओळखत नाही, एवढेच तो रीडर सांगतो. ओळख आपण पटवायची. सहीवर उजवी कळ दाबून प्रमाणपत्र उघडा. वर 'सीसीए इंडिया', मध्ये परवानाधारक संस्था, खाली अधिकाऱ्याचे नाव, अशी साखळी दिसली तरच विश्वास ठेवायची परवानगी द्या. काही केंद्रांवर पोरे न बघताच ती परवानगी देऊन चिन्ह हिरवे करतात. कोऱ्या कागदावर अंगठा देण्यातलाच हा प्रकार. आणि लाल फुली दिसली तर तो दाखला बाजूला ठेवून नवा काढा.

आता यात आपल्या कापूस-ज्वारीवाल्यांचा घात कुठे होतो? सही खरी म्हणजे मजकूर खरा, असे नाही. शेतात कपाशी उभी आणि पीकपाहणीत पड लागली असेल, तर त्या चुकीवरही खरीखुरी सहीच असते, आणि सीसीआयच्या केंद्रावर कापूस अडतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्याच मोबाइलवरून करता येते, मुदतीत करा. उताऱ्याची तारीखही बघा. वर्षापूर्वीच्या उताऱ्याची सही आजही जुळेल, पण मधल्या फेरफाराचा त्यात पत्ता नसेल. जमीन घेताना तर नवाच उतारा काढा. फुकटात दिसणारा विनासहीचा उतारा फक्त माहितीपुरता असतो.

पुढच्या बैठकीला येताना आपापला दाखला फाइल म्हणूनच आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो नको. इथेच संगणक लावून एकेकाचा तपासू.