छायाचित्रांवरील उजेडाचे ठिपके

ज्या गोष्टीचें कारण डोळ्यांना दिसत नाहीं, तिला मनुष्याचें मन तत्काळ एक कारण जोडून देतें. आणि तें कारण बहुधा भयाच्या घरचें असतें. फिल्मच्या कॅमेऱ्यानें काढलेल्या छायाचित्रांवर अकस्मात् उमटणारे पांढरे ठिपके हें याचें लहानसें पण बोलकें उदाहरण होय.

कॅमेऱ्याविषयींचें भय जुनें आहे. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं बडोद्यास छायाचित्रणाचा धंदा मांडला, तेव्हां कॅमेरा माणसाची प्राणशक्ति शोषून घेतो या समजुतीमुळें गिऱ्हाइक फिरकेना, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. परदेशांतही हीच तऱ्हा होती. अमेरिकेंत विल्यम मम्लर नांवाचा छायाचित्रकार गिऱ्हाइकांच्या पाठीशीं मृत आप्तांच्या अंधुक आकृति उमटवून पैसे मिळवी. १८६९ सालीं न्यूयॉर्क येथें त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, आणि तो सुटला. दुःखी मनाला पुरावा फार लागत नाहीं, हेंच त्यावरून दिसतें.

आतां परभणी जिल्ह्यांतील पूर्णा या गांवीं यावें. हें रेल्वेच्या जंक्शनचें गांव. नांदेडची, परभणीची आणि हिंगोलीची वाट येथें एकत्र येते. गांवाचें नांव धारण करणारी नदी जवळच गोदावरीस मिळते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्याच राज्याच्या राजधानींत सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारीं राजा दीनदयाळ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार नांवारूपास आला. दरबारचें तें वैभव सामान्य घरांत कोठून यावें? तेथें एखादा साधा पेटीकॅमेरा आला, तरी तो तीन पिढ्या कपाटांत जपून ठेवला जाई.

अशाच एका घराची कल्पना करावी. आजोबांची नोकरी रेल्वेंतली. त्यांच्या मागें राहिलेला पेटीकॅमेरा नातवाच्या हातीं लागला. हल्लीं तरुणांत फिल्मची आवड पुन्हा उत्पन्न झाली आहे. त्यानें १२० क्रमांकाचा रोल मागविला आणि उन्हाळ्याच्या सुटींत घरच्या मंडळींचीं बारा छायाचित्रें काढलीं. ऐंशी ओलांडलेल्या आजीचें एकही चांगलें छायाचित्र घरांत नव्हतें. सारा खटाटोप तेवढ्यासाठींच होता.

रोल धुऊन आला आणि घर चरकलें. आजीच्या तिन्ही छायाचित्रांत तिच्या अंगावर, ऐन छातीपाशीं, उजेडाचा एक वाटोळा ठिपका होता. इतरांच्या चित्रांत तो कोठें पुसट, कोठें मुळींच नाहीं. शेजारची बाई हळूच म्हणाली, "हें लक्षण बरें नव्हे." आजी शांतपणें म्हणाली, "बोलावणें आलें असेल, बाबा. आतां पुन्हा त्या पेटीपुढें मला बसवूं नकोस."

नातवापुढें दोन वाटा होत्या. हंसून गप्प बसावें, किंवा ठिपक्याचा मूळपत्ता काढावा. हंसण्यानें आजीचें भय जाणार नव्हतें आणि दिवस तर थोडे होते. त्यानें दुसरी वाट धरली.

या शोधाचा पहिला नियम असा, कीं आधीं छाप पाहूं नये, निगेटिव्ह पाहावी. निगेटिव्हवर सारें उलट असतें. जेथें उजेड लागला तेथें ती काळी होते. छापावर पांढरा ठिपका आहे, पण निगेटिव्हवर त्या जागीं कांहींच नाहीं, तर दोष कॅमेऱ्याचा नव्हे. छाप काढतांना निगेटिव्हवर धुळीचा कण बसलेला असतो. छापावर काळा ठिपका असेल, तर फिल्मवर आधींच धूळ होती, किंवा फिल्म धुतांना डेव्हलपरमध्यें हवेचा बुडबुडा चिकटून राहिला. झाडाच्या फांद्यांसारखी पांढरी नक्षी उमटली, तर कोरड्या हवेंत फिल्म झरझर गुंडाळल्यानें विजेची ठिणगी पडली असें जाणावें. सूर्याच्या रोखानें एका ओळींत चकत्या दिसल्या, तर तें भिंगांतील परावर्तन. आणि फिल्मच्या कडेपासून आंत शिरणारा पट्टा दिसला, तर कॅमेऱ्याच्या पाठीचें झांकण नीट बसत नाहीं, किंवा रोल सैल गुंडाळला गेला. ३५ मिलिमीटरच्या जुन्या कॅमेऱ्यांत झांकणाभोंवतीं लावलेला स्पंज कांहीं दशकांनीं कुजून भुगा होतो. तेथूनही उजेड आंत येतो. भात्याच्या कॅमेऱ्यास भात्याच्या घडींत सुईएवढें भोक पडतें. अंधाऱ्या खोलींत भात्याच्या आंत विजेरी लावून बाहेरून पाहिलें, कीं तें ताऱ्यासारखें चमकतें.

नातवाच्या निगेटिव्हवर ठिपका काळा होता; म्हणजे उजेड खराच आंत गेला होता. तो कडेपासून आलेला नव्हता. प्रत्येक वेळीं मध्यावरच होता. मग त्यानें कॅमेरा उलटा धरला. पाठीवर, बरोबर त्याच जागीं, एक लहान लाल खिडकी होती. फिल्मच्या पाठीमागील कागदावर छापलेला आंकडा तींतून दिसतो आणि कितवें चित्र आलें तें कळतें.

ही खिडकी लाल कां? जुन्या काळची फिल्म तांबड्या उजेडास आंधळी असे. म्हणून लाल कांचेंतून आलेल्या प्रकाशानें तिचें कांहीं बिघडत नसे. पुढें सर्व रंगांस जाणणारी फिल्म आली, आणि एके काळची राखणदार खिडकी चोरवाट ठरली. पाठीचा कागद बराचसा उजेड अडवितो. परंतु मराठवाड्याच्या वैशाखांतलें ऊन त्या खिडकीवर कांहीं मिनिटें पडलें, तर तें आंत शिरल्यावांचून राहत नाहीं.

तरी एक प्रश्न उरलाच. ठिपका आजीच्याच चित्रांवर एवढा ठळक कां? नातवानें तो दिवस आठवून पाहिला. इतरांचीं छायाचित्रें भराभर निघालीं होतीं. आजीसाठीं मात्र फिल्म पुढें सरकवून कॅमेरा अंगणांतल्या उन्हांत ठेवावा लागे. ती काठी टेकीत येई, पदर सारखा करी, खुर्चीवर सांवरून बसे. तितका वेळ तिच्याच चित्राचा तुकडा खिडकीमागें ऊन खात उभा असे. शिवाय घरची वडील म्हणून तिला मध्यभागीं बसविलेलें. म्हणून मध्यावरचा ठिपका तिच्याच वाट्यास आला.

परंतु तर्क हा पुरावा नव्हे. त्यानें दुसरा रोल घातला. सहा वेळां खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली, सहा वेळां ती उघडी ठेवून कॅमेरा उन्हांत ठेवला; आणि बाराही वेळां एकच चित्र घेतलें, अंगणांतल्या तुळशीवृंदावनाचें. कोणतें चित्र कसें घेतलें तें वहींत टिपून ठेवलें. रोल धुऊन आला. पट्टी लावलेलीं सहा चित्रें स्वच्छ होतीं; उरलेल्या सहांत वृंदावनाच्या मध्यावर तोच वाटोळा उजेड.

आजीनें तीं छायाचित्रें डोळ्यांजवळ नेऊन पाहिलीं आणि म्हणाली, "तुळशीला कोण बोलावणार? बस, काढ माझा फोटो."

या वेळीं कॅमेरा सावलींत ठेवला होता आणि पट्टी आंकडा पाहण्यापुरतीच क्षणभर उचलली होती. तें छायाचित्र आज त्या घराच्या भिंतीवर आहे. त्यावर ठिपका नाहीं. मात्र पहिलीं तीन छायाचित्रें नातवानें फेंकलीं नाहींत. त्यांतला उजेड दुसऱ्या लोकाचा नव्हता, हें त्याला ठाऊक आहे. घरानें आजीची जितका वेळ वाट पाहिली, तेवढ्याच वेळाची ती खूण होती.