रात्री ही जागा कोणाची?

धान कापून झाले, बांध्यांतून पुंजणे लागले आणि सकाळी अंगावर स्वेटर चढू लागला, की आपल्याकडे रानात मुक्कामाला जाण्याचे बेत सुरू होतात. साकोलीच्या एका अंगाला नागझिरा, दुसऱ्या अंगाला नवेगावबांध. मधे चुलबंदचे खोरे, टेकड्या, नाले आणि गावोगावचे तलाव. तंबू आता स्वस्त झाले आहेत आणि मोटारसायकलीवर सहज बांधून नेता येतात. इथे सराव करून पुढे लडाखला, हिमाचलला, राजस्थानच्या वाळवंटात जाणारी मुलेही पुष्कळ आहेत. कुठे जायचे याची चर्चा महिनाभर चालते, पण पोचल्यावर तंबू नेमका कोठे ठोकायचा हे सूर्य बुडता बुडता, दहा मिनिटांत ठरते. ते ठरवतात डोळे, आणि डोळ्यांना आवडणारी जागा बहुधा एकच असते: सपाट, मऊ, मोकळी आणि पाण्याला लागून. आज मला एवढेच सांगायचे आहे, की मोकळी दिसणारी जागा मोकळी असतेच असे नाही. दिवसा तिथे कोणी नसते, पण तिच्यावर कोणाचा तरी हक्क असतो आणि तो हक्क बहुतेक वेळा रात्री वसूल होतो. म्हणून खुंटी ठोकण्याआधी एक प्रश्न विचारावा: रात्री ही जागा कोणाची?

पहिला हक्कदार पाणी. नाल्याच्या पात्रातली वाळू इतकी सपाट का असते, याचा विचार केला तर उत्तर तिथेच मिळते. ती पाण्याने सपाट केलेली असते, आणि ज्याने अंथरूण घातले तो कधीतरी झोपायला येणारच. वाळवंटात पाऊस पडत नाही, मग पुराची भीती कशाला, असे पुष्कळांना वाटते. राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्याने 2006 च्या ऑगस्टमध्ये या समजुतीची फार मोठी किंमत मोजली. वर्षाच्या सरासरीहून कितीतरी अधिक पाऊस काही दिवसांत कोसळला, कवास गाव बुडाले, आणि जमिनीखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी मुरलेही नाही. लडाख तर थंड वाळवंट. लेहमध्ये वर्षाकाठी साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे 2010 साली 5 ऑगस्टच्या मध्यरात्री ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. कोरड्या मुलखात झाडांची मुळे माती धरून ठेवत नाहीत आणि कडक जमीन पाणी पीत नाही, त्यामुळे थोडा पाऊसही एकदम लोंढा होऊन धावतो. अमरनाथला 8 जुलै 2022 च्या संध्याकाळी गुहेजवळ हेच झाले. डोंगरातून आलेल्या पाण्याच्या वाटेत तंबू होते. ते वाहून गेले आणि किमान 15 यात्रेकरूंचा जीव गेला.

आपल्या भंडारा जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला जो महापूर आला, त्यातले बरेचसे पाणी वरून, मध्य प्रदेशातून आले होते. धरणांची दारे तिकडे उघडली आणि घरे इकडे बुडाली. यातला धडा तंबूवाल्यासाठी मोलाचा आहे. डोक्यावरचे आभाळ निरभ्र असले म्हणजे पाऊल ठेवलेली जमीन सुरक्षित असते असे नाही. पाऊस वीस कोसांवर पडून पाणी इथे येऊ शकते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. झुडपांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा पाहावा. तो कमरेएवढ्या उंचीवर असेल तर पाणी तिथवर येऊन गेले आहे. गुळगुळीत गोटे, काठावर उघडी पडलेली मुळे, एकाच दिशेला झोपलेले गवत, या सगळ्या पाण्याच्या सह्या आहेत. ज्या जागेवर त्या दिसतील ती जागा पाण्याची. तिथे जेवावे, हातपाय धुवावेत, पण निजू नये.

दुसरा हक्कदार डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे थंड हवेचा ओघ. सूर्य बुडाला की जमीन निवते, तिला लागलेली हवा निवते, निवलेली हवा जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली सरकत जाऊन खोलगट जागी साचते. याचा पुरावा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येतो. महाबळेश्वरला हिमकण जमल्याची बातमी येते ती तिथल्या सर्वांत उंच माथ्यावरून येत नाही. ती येते वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागातून. उंचावर थंडी जास्त हा नियम रात्रीपुरता तिथे उलटा होतो. आपल्याकडेही तलावाखालच्या बांध्यांत पहाटे जेवढे दव आणि गारठा असतो, तेवढा शेजारच्या टेकडीच्या कमरेवर नसतो. वाळवंटात हे आणखी तीव्र होते. हवा कोरडी, आभाळ उघडे, त्यामुळे दुपारी पाय भाजणारी वाळू पहाटे बोचते. मग माथ्यावरच जावे का? तर तिथे वारा मोकाट, आणि वीज पडायची ती आधी उंच टोकावर, एकट्या झाडावर. म्हणून दरीचा तळ नको आणि डोंगराचा माथाही नको. उताराच्या मध्यावरची, पूर्वेला उघडी, पाठीशी झाडी असलेली सपाटी चांगली. पूर्वेचे ऊन लवकर मिळाले की तंबूही लवकर वाळतो आणि माणूसही लवकर उठतो.

तिसरे हक्कदार म्हणजे रानातले रहिवासी. नागझिरा या नावातच झरा आहे. 1970 साली अभयारण्य झालेल्या आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेल्या या जंगलाचे सारे जीवन पाणवठ्यांभोवती फिरते. संरक्षित जंगलाच्या आत आपल्या मनाने तंबू ठोकायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण वाघ, रानगवा, अस्वल यांना प्रकल्पाची सीमा वाचता येत नाही. 2022 मध्ये गडचिरोलीकडून रानटी हत्तींचा कळप गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत आला तेव्हा त्याने कोणाला विचारले नव्हते. केरळच्या वायनाडमध्ये जानेवारी 2021 मध्ये जंगलालगतच्या एका पर्यटन निवासाच्या तंबूजवळ हत्तीच्या हल्ल्यात एका महिलेचा मृत्यू झाला. अशा वेळी जनावराला दोष देणे सोपे असते, पण पाणवठ्याच्या वाटेवर आपण निजलो, की अडवणूक आपण केलेली असते. पाण्यावरचा तंबू माणसाला धोक्याचा आहेच. त्याहून अधिक तो त्या रात्री तहानेल्या राहिलेल्या प्राण्यावर अन्याय आहे. उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखालची सावली मोहात पाडते. पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले खाली पडू लागली, की रात्री-पहाटे ती जागा अस्वलाची असते आणि उजाडता उजाडता टोपली घेऊन येणाऱ्या गावकऱ्यांची. उंच झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्याखाली चूल पेटवणे म्हणजे मधमाश्यांना आव्हान देणे. धानाच्या पुंजण्याशेजारी, तणसाच्या ढिगाजवळ जागा उबदार वाटते. तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतसुद्धा नाही.

चौथा हक्कदार आपण सर्वांत सहज विसरतो, तो म्हणजे गाव. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. हे तलाव निसर्गाने आयते दिलेले नाहीत. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी आणि राबत्या हातांनी ते बांधले. मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या पाण्यावर धानाची बांधी भिजते, गुरे पाणी पितात, ढिवर बांधव मासे धरतात, शिंगाडा लावतात. तलावाची पाळ पर्यटकाला सपाट ओटा वाटते. गावासाठी ती पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव असते. तिच्यावर खुंट्या ठोकणे, चर खणणे, काठावर साबणाने भांडी घासणे हे दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरण्यासारखे आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी आता प्रामुख्याने आपल्या गोंदिया-भंडारा भागातच उरला आहे, आणि तो राहतो याच तलावांच्या काठी आणि धानाच्या शेतांत. काठावरचा गोंगाट आणि रात्रभरचा उजेड त्याला परवडणारा नाही.

यावर काही आक्षेप येतील आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की इतके पाहायचे तर रानात जाण्याचा आनंदच उरणार नाही. पाण्याकाठी निजण्यासाठीच तर माणूस घर सोडतो. पण पाणी पाहणे आणि पाण्यावर निजणे यांत अंतर आहे. जगभरचे गिरिभ्रमण करणारे पाण्यापासून साधारण साठ मीटर दूर राहण्याचा नियम पाळतात. ते अंतर चालायला एक मिनिट लागते. संध्याकाळ काठावर घालवा आणि झोपायला वर या, यात आनंदाला कोठेही कात्री लागत नाही. जंगलालगत मात्र साठ मीटर पुरत नाहीत. तिथे किती दूर राहायचे ते वनरक्षकाला विचारावे आणि तो सांगेल ते ऐकावे.

दुसरा आक्षेप असा, की आता हातातल्या फोनवर हवामानाचा अंदाज मिळतो. मिळतो, आणि तो जरूर पाहावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी ॲप विजेचा इशारा देते, तेही फोनमध्ये असावे. पण अंदाज जिल्ह्याचा असतो, तालुक्याचा असतो. तुमच्या तंबूशेजारच्या नाल्याचा नसतो. शिवाय दोन टेकड्यांच्या मधे फोनला रेंज मिळेलच असे नाही. अंदाज किती पाऊस पडेल ते सांगतो. पडलेले पाणी कोठून जाईल ते जमीनच सांगते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तांडे, मेंढपाळ, पालांत राहणारी माणसे शतकानुशतके पाणी पाहूनच मुक्काम करत आली, मग आपणच दूर का राहायचे? पाणी पाहून मुक्काम करणे हे खरेच आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यही किल्ला बांधण्याआधी पाणी पाहायला सांगतात. पण तेच पुढे असेही बजावतात, की एकाच झऱ्यावर विसंबू नये, पाण्याची वेगळी बेगमी करावी. म्हणजे पाणी हाताशी असावे, पण आपली सारी सुरक्षा त्या एका जागेला बांधलेली नसावी. फिरत्या माणसांकडे आणखी एक गोष्ट होती जी आपल्याकडे नाही: त्याच वाटेवरून दरवर्षी जाण्याची आठवण. कोणत्या नाल्याला कधी पाणी येते, कोणत्या झाडाखाली काय असते, हे त्यांना पिढीजात ठाऊक होते. आपण त्या जागी पहिल्यांदा येतो आणि सकाळी निघून जातो. ज्याच्याकडे आठवण नाही त्याने विचारपूस करावी.

शेवटचा आक्षेप असतो तो पैशांचा: तयार तंबूंची जागा आहे, आम्ही पैसे दिले, आता काळजी मालकाची. व्यवसाय करणाऱ्याने जबाबदारी घेतलीच पाहिजे. पण ग्राहकांना पाण्यालगतचा तंबू हवा असतो म्हणून तो तिथे लावला जातो, हेही तितकेच खरे. आपण वरचा तंबू मागायला लागलो तर ते वर लावतील. आपली मागणी शहाणी झाली की बाजारालाही शहाणे व्हावे लागते.

तेव्हा श्रोतेहो, तुम्ही नवेगावबांधच्या बाजूला जा, सातपुड्यात जा, नाहीतर लडाखच्या थंड वाळवंटात जा. सूर्य मावळायच्या दोन तास आधी पोचा. पाठीवरचे ओझे खाली ठेवा आणि रिकाम्या हातांनी त्या जागेभोवती एक फेरी मारा. पाण्याच्या खुणा पाहा, पावलांच्या खुणा पाहा, वर झाडाकडे पाहा, खाली उताराकडे पाहा. जवळ गाव असेल तर पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला रामराम करून विचारा, की बाबाजी, इथे रात्री कोण येते? तो सांगेल ती माहिती कोणत्याही नकाशात नसते. आणि त्याने नको म्हटले, तर जागा कितीही सुंदर असली तरी ओझे पुन्हा पाठीवर घ्या आणि पुढे चला.