पेठेतली तालीम

जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेच्या जुन्या परंपरा शुरी, नाहा आणि तोमारी या वस्त्यांच्या नावांनीच ओळखल्या जातात. शुरी राजधानी, नाहा बंदर. अंतर काही मैलांचेच, पण हात निराळे. सराव चाले घरामागच्या अंगणात, पुष्कळदा रात्री, चोरून.

आमच्या सोलापुरात चोरून काही नव्हते. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे म्हणजे जुन्या गावात पत्ता सांगायची सोय. पण तालीम गल्लीनेच घडवली, हे इथेही खरे. जागा चिंचोळी, म्हणून इमारत बुटकी. दार इतके ठेंगणे की वाकूनच आत जावे. वाकणे म्हणजे मातीला नमन, असे वस्ताद सांगत. मला वाटते, कारण साधेच असावे. इथला मे महिना चव्वेचाळीस अंशांचा. जाड भिंती, लहान दार, एखादा झरोका, म्हणजे हौदातली माती थंड आणि ओलसर राहते; घामेजल्या अंगाला वारा लागत नाही. त्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचे, ती फावड्याने उकरायची, आणि मगच लंगोट कसायचा. उकरण्यातच निम्मा व्यायाम होई.

वेळही गावानेच ठरवून दिलेली. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल आणि नंतरच्या गिरण्या यांचे भोंगे होते तोवर पाळी बघूनच जोर-बैठका होत. माझे चाचा रात्रपाळी संपवून, केसांत कापसाचे तंतू घेऊनच हौदात उतरत.

आमच्या घरी 'तालीम' म्हणजे शिक्षण; शब्द अरबी. घराबाहेर त्याच शब्दाचा अर्थ कुस्ती. 'पहिलवान' फारसी, 'हौद' अरबी, 'आखाडा' मात्र इथलाच. लेझीमही मुळात फारसी. धनुर्धराच्या सरावासाठी लोखंडी साखळी लावलेले ते धनुष्य. सोलापूरने त्याचा खेळ केला. अरुंद बोळातून मिरवणूक न्यायची, तर पावले आखडती हवीत, बसणे-उठणे जागच्या जागी हवे. गणपतीपुढे लेझीम खेळणारीच पोरे मोहरमला पंजांच्या सवारीमागे असत. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. त्या गावाला यात नवल वाटत नसे.

आता कुस्ती गादीवर आली. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. गादीला दोष कसा देऊ? ऑलिंपिकला जायचे तर गादीच लागते. पण गादीला मोठे, सपाट, उजेडाचे सभागृह हवे, आणि ते पेठेत मावत नाही. म्हणून पोर बाहेर जाते, तालमीत राहते मंडळ. आमच्या गल्लीतला हौद बुजवून वर फरशी घातली, यंत्रे आणली. दारही उंच केले. यंत्रे आत जाईनात. माळ्यावरच्या लेझमी तेवढ्या भाद्रपदात खाली उतरतात.