स्वागताध्यक्षीय भाषण

परिषदेच्या अध्यक्षा, व्यासपीठावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या प्रतिनिधींनो,

बेळगावात आपले मनःपूर्वक स्वागत. डिसेंबर १९२४ मध्ये याच गावी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन आणि त्याचे स्वागताध्यक्ष होते आमचे गंगाधरराव देशपांडे. पाहुण्यांना पाणी कमी पडू नये म्हणून टिळकवाडीत विहीर खणली गेली. खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. वरचे तीन आणेही वहीत लिहून ठेवणाऱ्या त्या कार्यकर्त्यांचा मला फार अभिमान वाटतो. ती विहीर आजही आहे, ती पाहिल्याशिवाय कोणी परतू नये.

मी व्यापारी माणूस. अर्थशास्त्रातील स्त्रियांच्या इतिहासावर आपण विद्वान मंडळी बोलालच. पण त्या इतिहासातले एक पान आमच्या गावचे आहे. कृष्णा भारद्वाज, माहेरच्या चंदावरकर. जन्म १९३५, कारवारचा. बालपण मात्र बेळगावात गेले. गाण्याची आवड इथलीच. पुढे मुंबईत रुईया कॉलेज आणि वाहतुकीच्या अर्थशास्त्रावर डॉक्टरेट. केंब्रिजच्या पिएरो स्राफांचे शंभर पानांच्या आतले, पण भल्याभल्यांना न उलगडणारे पुस्तक १९६० साली आले. 'इकॉनॉमिक वीकली'त १९६३ साली कृष्णाताईंनी त्याचे परीक्षण लिहिले, तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. खुद्द स्राफांनी त्याची दखल घेतली आणि केंब्रिजची दारे उघडली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले अर्थशास्त्राचे केंद्र उभारण्यात त्यांचा मोठा वाटा. ८ मार्च १९९२ रोजी, महिला दिनीच, त्या गेल्या. अर्थशास्त्राचे नोबेल पहिल्यांदा एका बाईला, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना, मिळाले ते २००९ साली. आमच्या शाळेत कृष्णाताईंचे नाव कधी कोणी घेतले नाही, याची खंत वाटते.

आता क्षमायाचना. काही भगिनींची सोय तिसऱ्या मजल्यावर झाली आहे आणि तिथे लिफ्ट नाही. पहाटे थंडी असते; बंब पाचला पेटतील, तरी पाणी तापायला उशीर झाला तर राग मानू नये. पंगतीत कोणाला वाढायचे राहिले तर ती चूक माझी समजावी. येळ्ळूरच्या शेतकऱ्यांनी नाव जाहीर न करण्याच्या अटीवर तांदूळ धाडला, शहापूरच्या विणकरांनी पिशव्यांचे कापड दिले, खडेबाजारच्या व्यापारी बांधवांनी मंडपाचा भार उचलला, आणि कुंदा तर एका हलवायाने हट्टाने फुकट दिला. या साऱ्यांचा मी ऋणी आहे.

एक विनंती. आमचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. निघताना आपल्या ग्रंथाची एक प्रत त्याच्यासाठी ठेवून जावी. प्रती स्वीकारायला मी स्वतः दाराशी उभा असेन.