थकीत घरपट्टी आणि मालमत्तेचा लिलाव

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 प्रमाणे घरपट्टीचा बोजा थेट मालमत्तेवर असतो. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. बिल, मागणीची नोटीस, मग जप्ती. तरीही रक्कम भरली नाही तर जाहीर लिलाव. वसुलीपेक्षा जास्त आलेली रक्कम मूळ मालकाला परत मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

खरेदीदाराची खरी कसोटी बोली लावण्याआधी लागते. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढावे, दुय्यम निबंधकाकडे जुने दस्त पाहावेत, बँकेचे गहाण, भाडेकरू, वारसांचे वाद आणि न्यायालयातील दावे तपासावेत. जागा स्वतः पाहणे अत्यंत गरजेचे. स्वस्त मिळालेले घर ताब्यात येईपर्यंत वर्षे जाऊ शकतात. महापालिकेच्या व्यापारी संकुलातील गाळ्यांचा लिलाव मात्र वेगळा: तिथे मालकी पालिकेकडेच राहते, मिळतो तो भाडेपट्टा.

अनामत रक्कम आणि उरलेले पैसे भरण्याची मुदत जाहीर सूचनेत दिलेली असते. ती सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच बोली लावावी.