एकच माल, एकच गिऱ्हाईक

वरठीच्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतो आहोत. आज जरा लांबच्या मुलखाची माहिती घेऊ.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं बेट आहे. आकाराने आपल्या भंडारा जिल्ह्याहून लहान, पण लोकसंख्या जवळपास आपल्याइतकीच, बारा लाखांच्या घरात. 1834 पासून इंग्रजांनी तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला भारतातून मजूर नेले. त्यांत आपल्या कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

1968 साली हा देश स्वतंत्र झाला. तेव्हा बाहेर विकलेल्या मालाच्या दर 100 रुपयांतले 90 हून जास्त रुपये साखरेचे होते. चक्रीवादळ आलं किंवा भाव पडला, की सारा देश अडचणीत.

मग 1970 मध्ये त्यांनी कायदा करून निर्यातीच्या कारखान्यांना करात सवलत दिली. 1975 च्या करारानंतर युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या, चांगल्या भावाने घेऊ लागला. त्या कमाईतला काही पैसा मळेवाल्यांनी कपड्यांच्या कारखान्यांत घातला. तिथे स्वेटर आणि टी-शर्ट शिवायला मुख्यतः बाया लागल्या. पगार पुरुषांपेक्षा कमी होता, तरी हजारो घरांत बाईच्या हाती स्वतःचा पैसा आला.

पण कपड्यांचा धंदाही परक्यांच्या नियमावर उभा होता. कोणत्या देशाने किती कपडे पाठवायचे, याचा कोटा ठरलेला असे. 2005 च्या सुरुवातीला तो उठला. चीनचा स्वस्त माल आला, कारखाने बंद पडले. वय झालेल्या, कमी शिकलेल्या बायांना दुसरं काम मिळणं कठीण गेलं. 2006 पासून युरोपने साखरेचा भावही टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी कमी केला.

तरी देश तगला, कारण तोवर पर्यटन आणि बँकांचा व्यवसाय उभा राहिला होता. कच्ची साखर विकण्याऐवजी ते शुद्ध आणि खास प्रकारची साखर विकू लागले. उसाच्या चिपाडापासून वीजही करतात.

आता आपल्याकडे पाहू. आपला एखादा गट फक्त पापड करतो आणि सगळा माल एकाच व्यापाऱ्याला देतो. त्याने उद्या हात आखडला तर कर्जाचा हप्ता कशातून भरायचा?

म्हणून पुढच्या बैठकीत वही काढून तीन गोष्टी लिहा. विक्रीच्या 100 रुपयांतले किती एकाच गिऱ्हाइकाकडून येतात? आपण तांदूळ नुसताच विकतो, की निवडून, पाकिटं भरून? आणि चांगल्या महिन्यातला थोडा नफा दुसऱ्या कामासाठी बाजूला ठेवतो का? धंदा चालू असतानाच दुसरी वाट शोधायची असते. तुमच्या गटाचा हिशेब आम्हाला जरूर कळवा.