आधी हेल्मेट, मग बाकीचं



पुण्यात कॉलेजला असताना माझं हेल्मेट हँडललाच लटकलेलं असायचं. इथे इलिनॉयमध्येही त्याची सक्ती नाही, म्हणजे निर्णय आपलाच.

नव्याने बाइक घेणाऱ्यांना सांगतो, बजेट कमी असेल तर आधी चांगलं हेल्मेट घ्या. मागे 'डॉट'चं चिन्ह हवंच. महाग पण सैल हेल्मेटपेक्षा स्वस्त पण घट्ट बसणारं बरं. पट्टा लावून मागून वर ओढा. निघालं तर नको. वापरलेलं तर घेऊच नका. आतला थर्माकोल एकदा दबला की संपला, आणि बाहेरून ते कळत नाही. बचत जॅकेटवर करा. शिवण आणि कोपर-खांद्याचे पॅड शाबूत असतील तर जुनंही चालतं.

आई फोनवर विचारते, "हेल्मेट घालतोस ना रे?"

आता खोटं बोलावं लागत नाही.